कानाची खाच

मोबाइलवरचा फोटो बोटाखालून क्षणात सरकतो. दिनदर्शिकेवरचा महिनाभर भिंतीवर राहतो. त्याच्याखाली दुधाचे खाडे मांडले जातात, सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली जाते, आणि तीस दिवसांत त्या चित्रातला प्राणी घरचाच होऊन जातो.

मराठी घरांच्या भिंतीवर कुत्री नवी नाहीत. दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायाशी चार कुत्री असतात; जाणती माणसं त्यांना चार वेद म्हणतात. लहानपणापासून पाहिलेल्या तसबिरींत ती धुतल्यासारखी स्वच्छ, कान शाबूत, अंगावर ओरखडा नाही. टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला, आपल्याकडे कारवान म्हणून ओळखला जाणारा. गल्लीतल्या कुत्र्याच्या वाट्याला ना वेदांचा मान आला, ना तिकिटाचा.

म्हणून इथं म्हैसूरमध्ये प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका गटानं दिनदर्शिकेच्या स्पर्धेला फक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांचे फोटो मागवले, तेव्हा मी कॅमेरा काढला. आमची गल्ली कुक्करहळ्ळी तलावापासून चालत दहा मिनिटांवर. गल्लीचा कुत्रा करिया, म्हणजे आपला काळू. त्याला मराठी येत नाही. ‘ये’ म्हटलं तर तो नुसता बघतो. ‘बा’ म्हटलं की शेपटी हलवत येतो.

काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं हे वेगळंच काम आहे. समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं कॅमेरा धरून चालतो. चौकट काळ्या अंगानं भरली की त्याला वाटतं उजेड कमी पडला, मग तो फोटो उजळवतो आणि करिया राखेत लोळल्यासारखा दिसतो. उजेड हातानं एक घर कमी केला, तेव्हा काळा काळा राहिला. फ्लॅश वापरायचा नाही हे आधीच ठरलेलं. कुत्र्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवेपिवळे चमकतात आणि बिचारा भुतासारखा दिसतो. तेव्हा सकाळी सातच्या तिरप्या उन्हात मी रस्त्यावर पालथी पडले, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणली. उभ्यानं काढलेल्या फोटोत कुत्रा नेहमी भीक मागतो. त्याच्या उंचीला गेलं की तो आपल्याकडे बघतो.

चार सकाळींत दोनशेवर फोटो झाले. त्यांतला एक ठेवला. बारा इंच रुंद पानावर नीट छापायचं तर फोटो रुंदीला ३६०० पिक्सेल लागतो, त्यामुळे फार कापाकापी परवडत नाही. मागची प्लास्टिकची पिशवी पुसली. कागदावर काळा रंग आणखी दाटतो, म्हणून मानेखालची सावली थोडी उघडली.

मग कान. करियाच्या कानाच्या टोकाला व्ही आकाराची खाच आहे. पुण्याच्या भाच्यानं फोटो पाहून सांगितलं, “आत्या, मस्त आलाय. फक्त तो तुटका कान नीट कर. एका क्लिकचं काम आहे.” त्याचं खरं होतं. एका क्लिकचंच काम होतं.

पण तो कान तुटलेला नाही. निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याला भूल असतानाच ही खाच देतात. त्याच वेळी रेबीजची लसही टोचतात आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडतात. लस पुढं दरवर्षी द्यावी लागते, पण खाच जन्मभर राहते. करियाकडं कागदपत्र एवढंच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गाजला, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरही दोन तट पडले. दोन्हीकडचं बोलणं निराधार नव्हतं. पलीकडच्या अज्जींच्या नातवाला दुसऱ्या मोहल्ल्यात कुत्रा चावला होता. त्या तेव्हापासून काठीशिवाय बाहेर पडत नाहीत. अशा वेळी समोरचं जनावर कुठलं, त्याच्यावर कुणाचं लक्ष आहे का, हे दुरून सांगणारी खूण म्हणजे ती खाच.

उजेड दुरुस्त करणं म्हणजे कॅमेऱ्याची चूक सुधारणं. करिया खरोखर काळा आहे. पिशवी वाऱ्यानं आली होती, वाऱ्यानंच गेली असती. कान मात्र त्याचा आहे. तो भरून काढला तर भिंतीवर एक देखणा कुत्रा लागेल, आणि बघणाऱ्याला वाटेल की प्रेम करण्याजोग्या कुत्र्याचे कान असेच अखंड असतात. मग रस्त्यावर खाचवाला दिसला की तो भांडखोर, मारामारीत कान गमावलेला वाटणार. ज्याच्यासाठी दिनदर्शिका काढायची त्याच्याच विरुद्ध ती साक्ष देणार.

भाच्याला एवढं सगळं लिहिलं नाही. “राहू दे,” म्हटलं.

फोटो पाठवण्याआधी अज्जींना दाखवला. त्यांनी काठी काखेत धरली, फोन हातात घेतला. मी ज्या डोळ्यांसाठी चार सकाळी रस्त्यावर पडले होते, त्यांच्याकडं त्यांचं लक्षच गेलं नाही. दोन बोटांनी त्यांनी कान मोठा करून पाहिला.

“नम्म करिया,” त्या म्हणाल्या. आपला करिया.