मानपाड्याची वाट आणि कुंपणाचा काटा

ठाणे जिल्ह्यात कुणी मानपाडा म्हटले की ‘कोणता?’ असे विचारावेच लागते. एक मानपाडा ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर, मानपाडेश्वर महादेवाचा. आपल्याला जायचे आहे ते या दुसऱ्या मानपाड्याला, आणि तिथून आत घेसर, कोळे, हेदुटणे या गावांकडे.

डोंबिवली स्टेशनातून निघणारा रस्ता मानपाड्याच्याच नावाचा. पण त्याच्या कडेला आता कुंपण शोधून सापडत नाही. दुकाने, भिंती आणि इमारती. कल्याण-शीळ रस्ता ओलांडून आतल्या वाटेला लागले की मग मलंगगड समोर दिसू लागतो, मध्येच एखादे भाताचे खाचर लागते आणि त्याच्या कडेला जुनी ओळखीची काटेरी वई. करवंद, बोर, बाभूळ, विलायती चिंच, आणि या सगळ्यांच्या अंगावर चढलेली घाणेरी. पावसाळा संपता संपता ही वई दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकते. वळणावर समोरचे वाहन दिसत नाही. म्हणून ती छाटणे भागच असते. प्रश्न छाटणीचा नाही, छाटल्यानंतरचा आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण कुंपणाचे काहीच वाया जात नसे. भात निघाले की गुरे मोकळी सुटत. मग वालाच्या नाही तर भाजीच्या वाफ्याला काटी हवी असे. तोडलेली फांदी बेचक्याने ढकलत तिकडे जाई. जुनी, सुकलेली काटी चुलीत किंवा राबात. कवळ, पालापाचोळा, शेण यांच्यासोबत काट्याकुट्याही जळत आणि तिथेच भाताचे रोप उठे. शिवाय गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची धाव, बैलांच्या खुरांना नाल. काटा टोचला तर तो अनवाणी माणसाच्या पायाला. तो तिथेच बसून बाभळीच्याच दुसऱ्या काट्याने काढायचा आणि पुढे चालू लागायचे.

आता गाडीला रबरी टायर आले, दुधाला मोटारसायकल, शाळेला सायकल आणि भाजीला टेम्पो. कवळ तोडून राब भाजणारी घरे कमी झाली, चुलीच्या जागी गॅस आला. काटीला गिऱ्हाईक उरले नाही. छाटणी मात्र होते, पूर्वीपेक्षा झपाट्याने होते, आणि फांद्या जिथल्या तिथे पडतात.

ओल्या फांदीचा काटा तेवढा वाईट नसतो. आठ-पंधरा दिवसांत पाला झडतो, काटा सुकून टणक होतो. त्यावरून चाके गेली की फांदीचे तुकडे होतात आणि त्यांतले काही काटे टोक वर करून बसतात. बाभळीचे काटे जोडीने आणि सरळ. बोरीच्या जोडीत एक सरळ तर एक आकडेबाज. मोठ्या गाड्यांच्या वाऱ्याने हा सारा कचरा रस्त्याच्या मधून कडेला सरकतो. कडेने कोण जाते? सायकलवाला आणि चालणारा. म्हणजे मोटार सुखरूप जाते आणि शाळेला निघालेली पोर सायकल हातात धरून चालत घरी येते. पावसात आणखी वाईट, कारण ओल्या रबरात काटा सहज शिरतो. मोटारसायकलचे पुढचे चाक वेगात बसले तर ती नुसती पंक्चरची गोष्ट राहत नाही, हाड मोडण्याची होते.

मग फांद्या उचलायच्या कुणी? मानपाड्यासारख्या गावांत हे विचारणेही सोपे नाही. परिसरातली २७ गावे १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. त्यामुळे ग्रामपंचायतीला सांगायचे की पालिकेला, असे होऊन बसते. माझे मत स्पष्ट आहे. वई ज्याच्या शेताची, काटी त्याची. आयर्लंडमध्ये रस्त्यालगतचे कुंपण वाहतुकीला धोक्याचे होणार नाही हे पाहणे जमीनमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तिथे १ मार्च ते ३१ ऑगस्ट एरवी कुंपण तोडायला बंदी असते, पाखरांच्या घरट्यांसाठी. रस्त्याच्या सुरक्षिततेपुरती तेवढी सूट. आपल्याही करवंदीच्या जाळीत बुलबुल घरटे करतो, तेव्हा कोयता घालण्याआधी आत डोकावून पाहायला काय हरकत आहे?

छाटताना उभे राहायचे ते रस्त्याकडे तोंड करून नव्हे, फांदी आकडीने शेताच्या बाजूला ओढून. वईत खैर असेल तर त्याला हात लावू नये. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत तो आहे, परवानगी लागते. काम झाले की त्याच संध्याकाळी रस्ता खराट्याने झाडावा, दुसऱ्या दिवशीवर टाकू नये, कारण रात्रीत चाके फांद्या चुरडतात. गोळा झालेली काटी बांधाच्या भगदाडात किंवा नव्या लावलेल्या आंब्याच्या रोपाभोवती घालावी. शेळी फिरकत नाही.

एवढे करूनही काटा लागलाच, तर चाक ट्यूबलेस असल्यास तो उपसू नये. काटाच भोक बुजवून धरतो, आणि दुकानापर्यंत सावकाश जाता येते. ट्यूबचे चाक असेल तर घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे पाहून ठिगळ लावण्याने काम संपत नाही. टायरच्या आतल्या बाजूने फडके फिरवावे, नुसते बोट नव्हे. मोडलेले टोक तिथेच अडकलेले असते, आणि फडके त्याला अडखळते.