काळीज आणि डोके

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कोणी दुखणे सांगू लागले, की त्याचे मन आधी शब्दाच्या व्युत्पत्तीकडे धावते. आता 'काळीज' हाच शब्द घ्या. आपण तो हृदयासाठी खुशाल वापरतो. पण त्याचे नाते संस्कृत 'कालेय'शी आहे, आणि कालेय म्हणजे यकृत! खाटकाच्या दुकानातली कलेजी तेवढी मूळ अर्थाला धरून राहिली. भीती, माया, धीर हे सारे आपल्या पूर्वजांनी यकृतात नेऊन ठेवले, याचे मला हसू येई. मामांच्या आजारापासून ते येईनासे झाले.

मामा निवृत्त हेडक्लार्क. दारूचा थेंब कधी घेतला नाही. मधुमेह आणि सुटलेले पोट मात्र जुने. अक्षर असे, की नातेवाईक लग्नपत्रिकांवरचे पत्ते त्यांच्याकडून लिहून घेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हिशेबाच्या वहीतल्या ओळी उतरणीला लागल्या. दिवसा पेंगत, रात्री टक्क जागे असत, आणि मामींवर उगाच डाफरत. "वय झालं, दुसरं काय!" असे घरात ठरूनही गेले.

डॉक्टरांनी त्यांना हात पुढे करून पंजे उभे धरायला सांगितले. पंजे मधूनच खाली पडत आणि पुन्हा उठत. चांदणी काढायला सांगितली, तर कोन जुळेनात. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "दोष यकृताचा आहे. डोकं फुकट बदनाम झालं."

अन्नातल्या प्रथिनांपासून आतड्यात अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर धाडते. यकृत निबर झाले, की तो रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. १८९३ साली रशियात पाव्हलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांकडचे रक्त यकृताला वळसा घालून नेले होते. त्या कुत्र्यांनी मांस खाल्ले, की ती झोकांड्या खात आणि बेशुद्ध पडत.

हे ऐकताच मामींनी डाळ आणि दूध बंद करून नुसती पेज सुरू केली. पूर्वी वैद्यकशास्त्रही असाच सल्ला देई. डॉक्टर म्हणाले, "अहो, त्यांना उपाशी ठेवू नका! अमोनिया जिरवायला स्नायूही मदत करतात. ते झडले तर दुखणं वाढेल." वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, तीही डाळ, दूध, दही यांतून. दिवसातून अनेकदा थोडे थोडे, आणि निजण्यापूर्वी काहीतरी खाणे. शिवाय दिवसातून दोन-तीनदा शौचाला व्हावे म्हणून लॅक्ट्युलोजचा गोड पाक. झोपेची गोळी आपल्या मनाने मुळीच नाही.

मामांचे यकृत काही पूर्वीसारखे झाले नाही. पण मामा आम्हांला परत मिळाले. या दिवाळीचे किराणा सामान त्यांनीच लिहून दिले आहे.

तेव्हा घरातल्या वडील माणसाची झोप उलटली, अक्षर बदलले, स्वभाव फिरला, तर 'वय झाले' म्हणून मोकळे होऊ नका. एकदा त्यांचे काळीजही तपासून घ्या, मूळ अर्थाने!