लायब्ररी आहे, हेडर नाही

'मराठी' हा शब्द किती लांबीचा, असं पीएचपीच्या साध्या फंक्शनला विचारलं तर उत्तर येतं 15. युटीएफ-8मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ते बिचारं फंक्शन बाइटच मोजतं. हाच प्रश्न एमबीस्ट्रिंग या जोडभागाला विचारला तर तो 5 सांगतो: तीन व्यंजनं, दोन मात्रा. बातमीचा मथळा ठरावीक लांबीवर कापायचा असेल आणि एमबीस्ट्रिंग नसेल, तर कात्री अक्षराच्या मधोमध चालते आणि शेवटी एक फुटकं चिन्ह उरतं. मराठी मजकुराचं संकेतस्थळ पीएचपीवर चालवायचं तर हा जोडभाग हवाच.

एमबीस्ट्रिंगमधली नमुने जुळवून शोध घेणारी फंक्शनं एका जपानी लेखकाच्या ओनिगुरुमा या लायब्ररीवर उभी आहेत. पूर्वी तिचा सोर्स पीएचपीच्या पोटातच येत असे. नोव्हेंबर 2019मध्ये आलेल्या 7.4 आवृत्तीपासून तो काढून टाकला. सिस्टिमवर असेल ती ओनिगुरुमा वापरा, असं ठरलं. निर्णय योग्यच होता. एकाच लायब्ररीच्या दहा प्रती दहा ठिकाणी असल्या, की सुरक्षेची एक दुरुस्ती दहा ठिकाणी करावी लागते. पण त्याच्या दोनच महिने आधी रेड हॅटच्या लिनक्सवर आधारलेल्या सेंटओएस या वितरणाची 8 ही आवृत्ती आली होती, आणि तिच्यावर एमबीस्ट्रिंगसह पीएचपी 7.4 सोर्सपासून कंपाइल करायला घेतली की पहिल्याच टप्प्यावर काम थांबे. निरोप असा, की ओनिगुरुमा नावाचं पॅकेज सापडलं नाही. सिस्टिमला विचारावं तर ती सांगे, ओनिगुरुमा इन्स्टॉल केलेली आहे.

दोन्ही उत्तरं खरी होती. लिनक्सच्या जगात एका लायब्ररीची साधारणपणे दोन पॅकेजं होतात. पहिल्यात असतो चालणारा कोड, नावापुढे आवृत्तीचा आकडा लावलेली फाइल. तयार प्रोग्रॅमला तेवढी पुरते. दुसऱ्यात हेडर फाइली असतात. कोणतं फंक्शन आहे, त्याला काय द्यायचं, ते काय परत देणार, हे कंपायलरला त्यांतून कळतं. शिवाय 'लायब्ररी इथे आहे' हे सांगणारी पीकेजी-कॉन्फिगची छोटी फाइल आणि लिंकरला लागणारा, आकडा नसलेला दुवाही असतो. या दुसऱ्या पॅकेजच्या नावाला रेड हॅटच्या कुळात 'डेव्हल' आणि डेबियनच्या कुळात 'डेव्ह' हे शेपूट लागतं. अशी फोड सोयीची आहे. नुसत्या चालणाऱ्या सर्व्हरला हेडरचं ओझं नको, आणि चालणाऱ्या कोडच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात.

अडचण फोडीची नव्हती. दुसरा तुकडा कुठे ठेवला, ही होती. मे 2019मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8मध्ये पॅकेजांची वाटणी झाली: पाया बेसओएसमध्ये, त्यावरचं सॉफ्टवेअर ॲपस्ट्रीममध्ये, आणि कितीतरी डेव्हल पॅकेजं कोडरेडी लिनक्स बिल्डर नावाच्या तिसऱ्या भांडारात. सेंटओएसने त्याच भांडाराला पॉवरटूल्स म्हटलं. ते मुळात बंद असतं. चालू करायला एक ओळ पुरते, पण ते आहे हे ठाऊक असावं लागतं. डिसेंबर 2020च्या सेंटओएस 8.3मध्ये भांडाराचं नाव लहान लिपीत लिहिलं जाऊ लागलं आणि जुन्या स्क्रिप्टा मोडल्या. नवव्या मालिकेत तेच सीआरबी झालं. डिसेंबर 2022मध्ये रुबी भाषेच्या 3.2 आवृत्तीनेही लिबयॅमल या लायब्ररीचा सोर्स सोबत देणं थांबवलं, आणि तिचं डेव्हल पॅकेजही याच तिसऱ्या भांडारात निघालं.

ओनिगुरुमा आणि लिबयॅमल निदान तिथे तरी सापडतात. काही लायब्रऱ्यांची डेव्हल पॅकेजं तिन्ही भांडारांत नसतात. याचं मला खरं दुःख आहे. ती बनवलेलीच नाहीत, असं नसतं. एकाच सोर्सच्या एकाच बिल्डमधून दोन्ही पॅकेजं निघतात, वितरणातली इतर पॅकेजं त्यांच्याच जोरावर कंपाइल होतात, आणि प्रकाशनाच्या वेळी त्यांतलं एक गाळलं जातं.

रेड हॅट कंपनीची बाजू मला समजते. दहा वर्षांच्या सांभाळाचा शब्द दिला, की हेडर प्रसिद्ध करणं म्हणजे त्यावर लोकांना इमले बांधू देणं. उद्या आतली रचना बदलावी लागली तर ते इमले कोसळणार. म्हणून जिचा भरवसा देता येत नाही ती लायब्ररी बाहेरच्यांनी वापरूच नये, असा हा हिशेब. पण तिसऱ्या भांडारातल्या मालाला प्रत्यक्ष वापरासाठी सपोर्ट नाही, असं रेड हॅट आधीच स्पष्ट सांगते. तीच पाटी उरलेल्या पॅकेजांवरही लावता आली असती. पाटी लावणं निराळं आणि वस्तू लपवणं निराळं. डेबियनमध्ये एका सोर्समधून निघालेली सगळी पॅकेजं संग्रहात जातात. मला तोच रिवाज बरोबर वाटतो.

कारण लपवल्याने गरज संपत नाही, माणूस आडवाटेने जातो. कुणी फेडोराचं डेव्हल पॅकेज उचलून आणतो, कुणी सेंटओएस 7चं. हेडर एका आवृत्तीचं, चालणारा कोड दुसऱ्या आवृत्तीचा. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये मधेच एक फील्ड वाढलेलं असलं, तरी कंपायलर तक्रार करत नाही, कारण त्याच्यासमोर फक्त हेडर असतं. प्रोग्रॅम तयार होतो, सुरूही होतो, आणि मग कधीतरी भलत्याच जागेवरची मेमरी वाचू लागतो. असे सर्व्हर मी उघडून पाहिले आहेत. दोष शोधताना माणूस स्वतःच्या कोडमध्ये दिवसचे दिवस घालवतो आणि तो कोड निर्दोष असतो. पीएचपीपुरती आणखी एक पळवाट आहे: ओनिगुरुमावरची फंक्शनं वगळूनच कंपाइल करायचं. मग त्या फंक्शनांवर चालणारा मराठी मजकुरातला शोध पहिल्याच वापरात कोसळतो.

सरळ वाटाही आहेत. सोर्स पॅकेज मिळत असेल तर मॉक या साधनाने ते स्वच्छ वातावरणात पुन्हा बांधता येतं. गाळलेलं डेव्हल पॅकेज त्यातून बाहेर पडतं आणि आवृत्ती तंतोतंत जुळते. रॉकी आणि अल्मा या वितरणांनी 'डेव्हल' नावाचं वेगळं भांडारच ठेवलं आहे. ते फक्त बांधणीच्या यंत्रावर चालू करावं, रोजच्या सर्व्हरवर नाही. या कुळासाठी जादा पॅकेजं पुरवणाऱ्या एपेल या प्रकल्पाचे स्वयंसेवक तर गाळलेलं तेवढं पॅकेज नावाला 'एपेल' जोडून स्वतः पुरवतात. त्यांचं हे काम कुणाला दिसत नाही, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

तुम्ही या कामात असाल तर एक विनंती. डेव्हल पॅकेज सापडलं नाही की आडवाट धरू नका. आधी तिसरं भांडार चालू करून पाहा. तिथेही नसेल तर वितरणाकडे रीतसर मागणी नोंदवा. लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि त्यावर काय बांधायचं आहे, एवढं पुरतं. अशा मागण्यांवरून पॅकेजं या भांडारात घेतली जातात.