दूधसागरच्या पायथ्याशी

कारकुनाच्या रजेत बसणारी आणि खिशाला झेपणारी सहल कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही दूधसागरचे नाव घेऊ. शुक्रवारी रात्री मिरजेहून रेल्वेत बसावे, पहाटे गोव्यातल्या कुळे स्टेशनवर उतरावे आणि रविवारी दुपारी परत फिरावे. पाठीवर एकेक सॅक, तीत चादर, बदलायचे कपडे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गेल्या ऑक्टोबरात कचेरीतले आम्ही चौघे, घरची मंडळी आणि मुले असे अकरा जण निघालो.

दूधसागर गोवा-कर्नाटकच्या हद्दीवर, भगवान महावीर अभयारण्यात आहे. उंची सुमारे ३१० मीटर. चार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी थोडे कमीच पडतील.

आमच्यातल्या तरुण पोरांचा हट्ट वेगळाच होता. कॅसलरॉकला उतरून रुळांवरून चालत जायचे! पूर्वी पुष्कळ लोक तसे जात, हे खरे. पण घाटात बोगद्यामागून बोगदे आहेत. आत असताना गाडी आली तर पळणार कुठे? शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये तर रुळांवरून जाणाऱ्यांची मोठी झुंबड रेल्वे पोलिसांनी अडवली होती. आम्ही पोरांना साफ नाही म्हटले. थोडा वेळ तोंडे फुगली, जीप पाण्यात शिरल्यावर खुलली.

कुळ्याहून जीपने साधारण बारा किलोमीटर जंगलातून जावे लागते. वाटेत ओढे आहेत आणि जीप त्यांतूनच जाते. पावसाळ्यात ही वाट बंद असते, म्हणून ऑक्टोबरपासून पुढे जावे. शेवटचा टप्पा दगडगोट्यांवरून पायी. लाइफ जॅकेट भाड्याने मिळते. पोहता येणाऱ्यांनीही ते घालावे, कुंडाच्या पाण्याला कोणाची ओळख नसते.

झाडी सरली आणि समोर सगळा डोंगर पांढरा झालेला दिसला. अकरा जणांत कोणी बोलेना. आवाजच एवढा, की बोलून उपयोगही नव्हता. पाणी चार टप्प्यांनी उतरते आणि मधोमध रेल्वेचा कमानीचा पूल आहे. कोणा राजकन्येने लाज राखण्यासाठी दुधाचा घडा ओतला, तोच हा दूधसागर, अशी कथा तिथे सांगतात. मुलांनी विचारले तेव्हा आम्ही सांगितले, बाळांनो, पाणी खडकावर आपटते, त्यात हवा मिसळते, फेस होतो आणि फेस पांढरा दिसतो. राजकन्येची गरज नाही.

आमच्याबरोबरच्या एका वहिनींचे माहेर जत तालुक्यातले. लहानपणी घागर घेऊन टँकरमागे पळालेल्या. त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी जीपवाल्याला विचारले, "एवढं पाणी जातं कुठं, भाऊ?"

तो म्हणाला, "हें उदक ओपाक वता, वैनी. थंयसून पणजे."

म्हणजे हे पाणी खांडेपार नदीला मिळते, ओपा येथे शुद्ध होते आणि फोंडा व पणजीकडच्या नळांना येते. पुढे नदी मांडवीला मिळते. मांडवीचेच वरचे नाव म्हादई. या म्हादईच्या खोऱ्यातल्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे भांडण जुने आहे. घटनेच्या कलम २६२ ने अशा तंट्यांसाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला. त्यातून १९५६ चा आंतरराज्य पाणीतंटा कायदा झाला आणि त्या कायद्याखाली २०१० साली म्हादई लवाद नेमला गेला. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी पाणी ठरवून दिले. समाधान कोणाचेच झाले नाही, तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

हे आम्ही दगडावर बसून वहिनींना सांगितले. गोव्याची बाजू आम्हाला पटते. नदी आटली तर जंगल आणि खाडी दोन्ही जातील. पण हुबळी-धारवाडकडेही घागरी रिकाम्याच आहेत. वहिनी म्हणाल्या, "आधी प्यायला द्यावं, मग उसाला." तीन राज्यांच्या वकिलांपेक्षा त्या थोडक्यात बोलल्या, असे आमचे मत झाले.

या जंगलालाही धोका होता. कॅसलरॉक ते कुळे दुसरा रेल्वेमार्ग टाकण्यास मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यामागे गोव्यातल्या तरुणांची २०२० पासूनची चळवळ होती.

शनिवारची रात्र कुळ्यात साध्या खोल्यांत काढली. परतीच्या गाडीला घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने लागली. धबधबा आला तेव्हा सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांवर लोटला आणि तुषार आत आले. वहिनी म्हणाल्या, आईला आणायला हवं, तिला जीप आणि दगड झेपायचे नाहीत, पण इथून तर दिसतंच. दिवसाउजेडी घाट ओलांडणारी गाडी पाहूनच तिकीट काढा, एवढे आम्ही त्यांना सुचवले.