माळ आणि पट्टा



शहाद्याजवळच्या आमच्या मळ्यापुढून उसाच्या गाड्या जातात. मागल्या हंगामात आमचा मोती तिथेच चाकाखाली गेला. नवे पिल्लू आणले तेव्हा नातू म्हणाला, "आबा, याला जमिनीखालचे विजेचे कुंपण करू." तार पुरायची, गळ्यात पट्टा बांधायचा. तारेजवळ गेले की पट्टा आधी वाजतो. तरी पुढे सरकले की झटका देतो. वेल्स देशात २०१० पासून अशा पट्ट्याला बंदी आहे.

मी पट्टा हातात धरून तारेपर्यंत गेलो. जीव जात नाही, पण हात पुन्हा पुढे होत नाही. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, हे मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितले. आता हा पट्टा कसा बांधू? पण मोतीला मोकळा सोडणाराही मीच. नुसत्या कळवळ्याने जीव वाचत नाही.

शिवाय ही तार कुत्र्याला अडवते, उसातल्या बिबट्याला नाही. आणि सशामागे बेभान होऊन तार ओलांडली, तर परतताना तोच झटका. घर समोर असून कुत्रा बाहेरच राहतो.

माझ्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. तीही मर्यादाच, पण ती मी समजून घातली. मुक्या जिवाने कसे समजावे? तेव्हा समजण्याचे काम आपले. अंगणाला जाळी घातली. रात्री पिल्लू घरात झोपते. सकाळ-संध्याकाळ साखळी धरून मी त्याला फिरवतो. गुडघे दुखतात, नामस्मरणही होते.

भूतदयेवर पुष्कळ बोललो. तिला रोज तासभर द्यावा लागतो, हे आता कळले.