शंकासुराची खुर्ची

ऑक्टोबर सरत आला की मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत मला दोन तऱ्हेचे फोन येतात. पहिला फराळाचा: चकली किती, चिवडा किती. दुसऱ्यात आवाज खाली आलेला असतो. गेल्या वर्षीचा असा होता: "ताई, जरा खासगी होतं. कॅल्क्युलसला कुणी ट्यूटर आहे का ओळखीत? घरी येणारा हवा. लायब्ररीत नको, तिथे आपली माणसं असतात." पोरगा शाळेत कायम पहिल्या पाचांत. मिनीॲपोलिसला विद्यापीठात गेला आणि पहिल्याच मिडटर्मला शंभरात ४१.

त्या आईला हसायचा मला अधिकार नाही. सांगलीकडे इंजिनिअरिंगला असताना एम-टू या गणिताच्या पेपरात नापास होऊन केटी लागली, तेव्हा मीही घरी चार महिने पत्ता लागू दिला नव्हता. रात्री दार लोटून बसायचे, गाइडमधली सोडवलेली गणितं वहीत उतरवायचे आणि त्यालाच अभ्यास समजायचे.

आता मी जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये काम करते. असं कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं, दार सगळ्यांना उघडं. नर्सिंगसाठी केमिस्ट्री घेतलेली सोमाली मुलगी, गोदामातली रात्रपाळी आटोपून आलेला चाळिशीचा बाप, हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेणारी पोरं (मिनेसोटात ही सोय १९८५ पासून आहे), सगळी एकाच टेबलाशी. आमचा कडक नियम एकच: पेन्सिल विद्यार्थ्याच्या हातात राहिली पाहिजे. शिकवणाऱ्याने ती घेतली की गणित झटकन सुटतं, पण ते त्याचं सुटलेलं असतं.

रात्रपाळीवाल्याने एकदा (क्ष + ३) चा वर्ग लिहिला: क्ष वर्ग अधिक ९. ही चूक मी हजारदा पाहिली आहे. 'चुकलं' म्हटलं असतं तर त्याने खोडून बरोबर उत्तर लिहिलं असतं आणि पुढच्या आठवड्यात तेच केलं असतं. म्हटलं, क्षच्या जागी १ घाला. एकीकडे १६ आले, दुसरीकडे १०. तो बघत राहिला. "सहा कुठे गेले?" शेजारची सोमाली मुलगी म्हणाली, चौकोन काढून बघ. त्याने काढला. एका कोपऱ्यात क्षचा मोठा चौकोन, समोरच्या कोपऱ्यात ९ चा छोटा, आणि उरल्या दोन पट्ट्या, प्रत्येकी तीन क्ष. पट्ट्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे माझे सहा." मी शाळेत 'अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग' घडाघडा म्हणत असे. त्या 'दोन अब'ला जागा लागते, हे मला कुणी सांगितलंही नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

इथे महत्त्वाचं काम शेजारणीने केलं. शेजारी बसणाऱ्याचं हे मोल एकाने फार आधी ओळखलं होतं. १९७० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइसमन हा तरुण गणिती कॅल्क्युलसमध्ये नापास होणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा विचार करत होता. प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं ठरलेली: पाया कच्चा, इच्छा नाही, घरचं वातावरण नाही. त्याने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाची मुलं घेतली आणि ती अभ्यास कशी करतात हेच महिनोन्‌महिने पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं मान मोडून अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी मुलं आधी एकटी बसत, मग संध्याकाळी जमून एकमेकांची उत्तरं फाडून काढत. ट्राइसमनने यातून जे उभं केलं, त्यात 'कच्च्या मुलांचा जादा तास' नव्हता. त्याने गणितं आणखी अवघड दिली आणि एकत्र सोडवायला लावली. हा मुद्दा आपल्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही. मागे पडलेल्याला आपण सोपं करून देतो, आणि तो मागेच राहतो.

आमच्या राज्याचाही यात वाटा आहे. मिनेसोटा विद्यापीठात पॅट्रिशिया आणि केनेथ हेलर यांनी भौतिकशास्त्रासाठी तिघांचे गट बसवले. एकाने काम पुढे रेटायचं, एकाने लिहून तपासायचं आणि तिसऱ्याने फक्त शंका काढायच्या. मी त्याला शंकासुर म्हणते. गणित मुद्दाम एकट्याला न झेपणारं द्यायचं, नाहीतर हुशार पोरगा ते सोडवतो आणि बाकीचे उतरवून घेतात. १९९२ मध्ये पॅट्रिशिया हेलर आणि मार्क होलाबॉ यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: दोन मुलगे आणि एक मुलगी असा गट केला की मुलगी सगळ्यांत हुशार असली तरी मुलगेच गट ताब्यात घेतात. मला हे वाचून नवल वाटलं नाही. आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये रीडिंग मी घ्यायचे आणि निष्कर्ष ते सांगायचे.

राहता राहिली लाज. तिच्यावर चांगला तोडगा १९७३ मध्ये कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठात डिआना मार्टिन यांनी काढला. त्यांनी शिक्का विद्यार्थ्यावर मारला नाही, विषयावर मारला. ज्या विषयात तीस टक्क्यांहून जास्त मुलं गळतात किंवा काठावर येतात, तो अवघड विषय. त्याला जादा बैठक सगळ्यांसाठी, यावंसं वाटेल त्याने यावं. बैठक घेणारा म्हणजे तो विषय आधी चांगला पास झालेला विद्यार्थी. तो पुन्हा वर्गात बसतो, टिपणं काढतो. पहिला नंबरवालाही शेजारी बसलेला असतो, मग लपवायचं काय?

त्या आईला मी ट्यूटर दिला नाही. म्हटलं, वर्गातले दोन शोधायला सांगा, शनिवारी लायब्ररीत या. ती नाराज झाली. तिसऱ्या शनिवारी ईडन प्रेरीच्या लायब्ररीतल्या काचेच्या खोलीत तिघं बसली होती. एक मुलगी खुर्चीत मागे रेलून दर ओळीला "का?" विचारत होती आणि आमचा पोरगा वैतागून, पण सांगत होता. मधेच थांबला, स्वतःचीच ओळ खोडली. मी आत गेले नाही.

दुसऱ्या मिडटर्मला ६८. आईचा फोन आला: "अडुसष्टच?" आणि मग, आवाज खाली न घेता, "पुढच्या शनिवारी किती जण असतात ते सांगा, चकल्या पाठवते."