जुन्या गेमचे जुने फॅन

अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: जेवणाच्या टेबलावर राजकारण आणि धर्म काढू नकोस. माझ्या मते या यादीत तिसरा विषय घालायला हवा. समोरचा माणूस पंचेचाळिशीचा आणि इंजिनिअर वगैरे असेल, तर त्याच्या आवडत्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग कसा वाटला हे त्याला विचारू नये. निदान अर्धा तास हाताशी असल्याशिवाय तरी नाहीच.

आमच्या ऑफिसात असा एक गृहस्थ आहे. दिवसाकाठी मोजून चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक 'गुड मॉर्निंग'. एकदा लंचला मी सहज 'फॉलआउट ३'चं नाव काढलं आणि साहेब जे सुटले ते सुटलेच. पुढ्यातलं सॅलड तसंच राहिलं. गेम आला २००८ साली, पण राग अगदी काल रात्रीचा वाटत होता. गंमत म्हणजे त्यानंतरचा प्रत्येक भाग त्याने पहिल्याच दिवशी विकत घेतलाय. "आवडत नाही तर घेतोस कशाला?" असं विचारलं, तर म्हणाला, "कारण तो फॉलआउट आहे."

तुम्हाला हे अमेरिकन वेड वाटत असेल तर जरा 'प्रिन्स' आठवून बघा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे काँप्युटर क्लासला डॉस शिकायला म्हणून गेलेली किती पोरं प्रत्यक्षात 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च शिकून आली! जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८९ साली तो गेम काढला. धावण्याच्या आणि उड्यांच्या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र बनवलं. राजकन्येला साठ मिनिटांत सोडवायचं. घड्याळ थांबत नाही आणि उडी चुकली की खाली सुळे असतात.

२००३ साली याच नावाचा 'सँड्स ऑफ टाइम' आला. सपाट चित्र जाऊन त्रिमिती आली, मुका राजपुत्र बोलायला लागला आणि जादूच्या खंजिराने चक्क वेळ मागे फिरवायला लागला. म्हणजे सगळंच बदललं. तरीही त्याचं मोठं कौतुक झालं. कारण खंजिरातली वाळू मोजकी होती. उडी अजूनही महाग होती आणि वेळ हेच चलन होतं. पुढे २००८ सालच्या 'प्रिन्स'मध्ये बरोबरची एलिका दर वेळी हात देऊन वर ओढते, त्यामुळे तुम्ही मरतच नाही. चित्रं अप्रतिम, अगदी रंगवलेली. पण जुनी मंडळी कुरकुरलीच. पडायची भीती नाही, तर उडीत राम काय?

इथे मला या सगळ्या भांडणाची किल्ली सापडल्यासारखी वाटते. गेममध्ये दोन गोष्टी असतात, रंग आणि नियम. रंग म्हणजे डोळ्यांना दिसतं ते सगळं. नियम म्हणजे अमुक केलं तर तमुक होईल, हे गेमने तुम्हाला दिलेलं वचन. फॅन ओरडतात दोन्हींसाठी, आणि सारख्याच आवाजात ओरडतात. म्हणून त्यांच्या आरड्याओरड्यातलं काय ऐकायचं हे कंपन्यांना कळत नाही.

'डायब्लो'चंच बघा. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या ब्लिझर्ड कंपनीने २००८ साली 'डायब्लो ३'ची पहिली झलक दाखवली आणि जुन्या फॅनांनी डोक्यावर हात मारला. फार रंगीत आहे! आमचा डायब्लो काळोखा, भेसूर. हे इंद्रधनुष्य कसलं? हजारो लोकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. कंपनीने रंग बदलले नाहीत. उलट २०१२ साली गेम आला तेव्हा त्यात एक गुप्त जागा निघाली, तिथे खरोखरच इंद्रधनुष्य आणि एकशिंगी घोडे! टोमण्याला टोमणा. आणि खेळायला बसल्यावर लोक रंगांचं दुःख विसरले.

पण त्याच गेममध्ये कंपनीने एक बाजारही उघडला होता, जिथे तलवारी-चिलखतं खऱ्या डॉलरमध्ये विकत घेता येत. डायब्लोचा मूळ नियम काय? राक्षस मारा, आणि नशिबात असेल तर काहीतरी भारी हाती लागेल. भारी वस्तू दुकानात मिळायला लागली तर राक्षस कशाला मारायचा? याही वेळी ओरड झाली, पण ही ओरड विरली नाही. शेवटी मार्च २०१४ मध्ये कंपनीने तो बाजार बंद केला, आणि मूळ खेळालाच त्याने बाधा येते हे कारणही स्वतःच दिलं.

आता आमच्या मुक्या साहेबांचा 'फॉलआउट'. पहिला भाग १९९७चा. अणुयुद्धात बेचिराख झालेली दक्षिण कॅलिफोर्निया, वरून तिरपं दिसणारं चित्र आणि बुद्धिबळासारख्या आळीपाळीने चाली. त्याची खरी खुबी मात्र बोलण्यात. गेमच्या शेवटचा खलनायक सगळ्या माणसांचं रूपांतर एका नव्या राक्षसी जमातीत करायला निघालेला असतो. त्याच्याशी लढता येतं, पण पुरावे जमवून 'तुझ्या या जमातीला पोरं होऊच शकत नाहीत' हे त्याला पटवताही येतं. पटलं की तो स्वतःच सगळा डाव उधळून देतो. गोळी न झाडता, नुसत्या युक्तिवादाने जिंकायचं! कॉलेजातल्या हुशार, बुजऱ्या पोराला याची काय नशा चढली असेल, कल्पना करा.

पुढे मेरीलँडच्या बेथेस्डा कंपनीने हे नाव विकत घेतलं आणि २००८ साली तिसरा भाग आला. शहर वॉशिंग्टन, चित्र थेट डोळ्यांसमोरून दिसणारं आणि हातात बंदूक. जुन्या लोकांनी कंपनीच्या आधीच्या गेमवरून त्याला 'बंदूकवाला ऑब्लिव्हियन' असं हिणवलं. पण मला विचाराल तर त्यातला बराचसा भाग रंगाचा. खरी खोट शेवटी होती. पाणी शुद्ध करणारं यंत्र चालू करायला किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कोणीतरी जायचं असतं, जाणारा मरणार. तुमच्याबरोबर असा एक सोबती असू शकतो, ज्याला किरणोत्सर्गाने काहीच होत नाही. 'बाबा रे, तू जा' म्हटलं तर तो म्हणतो, हे तुझं विधिलिखित आहे, मी मध्ये येणार नाही! युक्तिवादावर उभ्या असलेल्या गेममध्ये हा असला युक्तिवाद? यावर जुने-नवे दोन्ही फॅन भडकले. मे २००९ मध्ये कंपनीने पुरवणी काढली, त्यात सोबत्याला आत पाठवता येऊ लागलं.

पुढची कथा तशीच. २०१५च्या चौथ्या भागात शहर बॉस्टन. तिथलं फेनवे पार्क हे बेसबॉलचं मैदानच तटबंदीचं गाव झालंय. ते बघायला मजा येते. पण बोलताना फक्त चार पर्याय, तेही दोन-तीन शब्दांचे, आणि निवडल्यावर आपला नायक भलतंच काहीतरी बोलतो. पुन्हा ओरड, आणि या वेळी ओरडणाऱ्यांत तिसऱ्या भागापासून खेळायला लागलेली पोरंही होती. २०१८च्या 'फॉलआउट ७६'मध्ये तर बोलायला गेममधली माणसंच नव्हती, नुसते यंत्रमानव आणि ध्वनिमुद्रित निरोप. एप्रिल २०२०मध्ये कंपनीने माणसं परत आणली. म्हणजे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा तेच दिसलं. चित्र, शहर, कॅमेरा बदललेलं पचलं, बोलून मार्ग काढण्याचा हक्क काढलेला पचला नाही.

फॅनांचं सगळंच बरोबर असतं असं मात्र नाही. 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग २०२० साली आला, तेव्हा एका पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. कथेत त्या पात्राने केलेल्या कृत्याबद्दल! साठ डॉलर मोजले म्हणून एवढा हक्क मिळत नाही. पण कंपनीनेही विसरू नये की जुनं नाव ती फुकट लावत नाही. अगदी नवंच काही करायचं तर नवं नाव द्यावं. जुनं नाव लावायचं कारण त्यावर गिऱ्हाईक येतं, आणि ते येतं त्या वचनावर. आमच्या धंद्यात साधी अपेक्षा असते की नव्या व्हर्जनमध्ये जुनी फाइल उघडली पाहिजे. फॅनची फाइल त्याच्या बोटांत आणि डोक्यात असते, एवढाच फरक.

'कट्यार काळजात घुसली'चा २०१५ साली सिनेमा झाला तेव्हा आपल्या घराघरांत हेच झालं होतं, आठवतंय? १९६७च्या नाटकात वसंतरावांचे खाँसाहेब पाहिलेले आजोबा एकीकडे, आणि शंकर-एहसान-लॉयची गाणी गुणगुणणारी नात दुसरीकडे. आजोबांचा आक्षेप कपडेपटाला असेल तर तो रंगाचा, सोडून द्यावा. पण 'इथे गाणं हाच सामना आहे, तो उरलाय का?' असं त्यांनी विचारलं, तर टीव्हीचा आवाज कमी करून ऐकावं.

आम्ही परदेशात राहणारे तर आपापल्या गावाचे जुने फॅन. दोन वर्षांनी येतो आणि आल्या आल्या उड्डाणपूल, मॉल, गल्लीत शिरलेल्या गाड्या यांवर कुरकुरतो. घरचे वैतागतात, आणि रास्त वैतागतात, कारण तो सगळा रंग आहे आणि रोज तिथे राहायचंय त्यांना. हल्ली मी तोंड उघडण्याआधी एवढंच बघतो की शेजारच्या काकू अजून बेल न वाजवता थेट स्वयंपाकघरात येतात की नाही. गेल्या खेपेला आल्या. फक्त येण्याआधी त्यांनी व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, "आहात का घरी?"

आता हा रंग की नियम, ते माझं अजून ठरत नाहीये.